नारळ कोणी पाडले?

गोव्यात सकाळी आठच्या सुमाराला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, येतो. कमरेला कोयता, पायांत दोरीचं कडं. खालूनच वर नजर टाकून कुठल्या माडावर चढायचं ते ठरवतो आणि बघता बघता झावळ्यांत दिसेनासा होतो. वरून हाक येते, "पयस रावात!", दूर राहा. मग धप्, धप्, धप्. पेंड, म्हणजे नारळांचा घड, सुटते, नारळ गवतात लोळतात, एखादा गडगडत पाटात जातो. घरमालक हा सगळा वेळ बल्कांवात, दारापुढच्या बैठकीच्या व्हरांड्यात, बसलेला असतो, फार तर मोजायला उठतो. संध्याकाळी मुंबईच्या भावाला फोनवर सांगतो, "आज नारळ पाडले. दीडशे झाले."

या वाक्याला मराठीत कोणी हरकत घेत नाही. सत्तरीतला आपला भाऊ माडावर चढला असेल, हे पलीकडच्याच्या मनातही येत नाही. तेच वाक्य शेजारी उतरलेल्या विलायती पाहुण्याला 'आय प्लक्ड वन हंड्रेड अँड फिफ्टी कोकोनट्स' असं ऐकवलं, तर तो आधी मालकाच्या गुडघ्यांकडे बघेल. त्याला सांगायला हवं होतं, 'आय हॅड द कोकोनट्स प्लक्ड.' इंग्रजीत क्रियापदाच्या आधी जो उभा राहतो, ते काम त्याच्या हातचं, असा सर्वसाधारण समज. ताजमहाल शहाजहाननं बांधला हे इंग्रजीही बिनदिक्कत म्हणते, कारण एकटा माणूस तेवढं काम करणार नाही हे उघड आहे. केस, शर्ट, स्कूटर, नारळ ही कामं मात्र माणूस एकट्यानं करू शकतो. तिथे इंग्रजी विचारणारच, की माडावर चढलं कोण? दुसऱ्याकडून करवून घेतलेलं काम इंग्रजीत कसं सांगायचं, त्याचीच ही गोष्ट.

गंमत म्हणजे पाडेली हा शब्दच प्रयोजक, म्हणजे करायला लावण्याच्या, क्रियापदातून निघाला आहे. पडणं हे नारळाचं काम. पडायला लावणं म्हणजे पाडणं, आणि पाडणारा तो पाडेली. मालकाचं काम त्याच्याही वरच्या मजल्यावरचं: पाडून घेणं. पडणे, पाडणे, पाडून घेणे. तीन मजले, तीन माणसं म्हणावं तर एक त्यात नारळ. बोलताना आपण वरचा मजला सर्रास गाळतो. 'केस कापले', 'कपडे शिवले', 'गाडी धुतली'. न्हावी, शिंपी आणि गॅरेजचा पोर तिन्ही वाक्यांत कुठेच नाहीत. पोर्तुगीजही याबाबतीत आपल्यासारखीच सैल आहे: 'कोर्तेय उ काबेलु' म्हणजे शब्दशः 'मी केस कापले', कात्री दुसऱ्याच्या हातात असली तरी. गोव्यातल्या पुष्कळ जुन्या माणसांना कोंकणी, मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा चार भाषा येतात, त्यातल्या तिघी एका बाजूला आणि इंग्रजी एकटी दुसऱ्या बाजूला, म्हणून तिचा हा हट्ट जास्त खटकतो.

घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी असा प्रवास इथे पुष्कळांचा झाला. त्या वर्गात कॉझेटिव्ह व्हर्बचा धडा आला की फळ्यावर समीकरण लिहिलं जातं: कॉझेटिव्ह म्हणजे मराठीतलं 'वणे'. करणे-करवणे, शिकणे-शिकवणे. कोंकणीतही तेच, शिकप-शिकोवप. मुलांना पटतं, वहीत उतरतं आणि पुढची दहा वर्षं नडतं. कारण दुसऱ्यानं कोणीतरी करायला लावलं, एवढंच 'व' सांगतो. कसं लावलं याबद्दल तो मुका आहे.

म्हापशाच्या बाजारातला एक दुकानदार घ्या. 'त्यानं मुलाला गल्ल्यावर बसवलं.' मुलाला खेळायला जायचं होतं आणि बापानं डोळे वटारले, असं असेल तर 'ही मेड हिम सिट ॲट द काउंटर'. मुलगा रोजच दुकानात असतो, आज बापानं तिकडे बस म्हटलं आणि तो बसला, तर 'ही हॅड हिम सिट'. मुलगा ऐकत नव्हता, शेवटी नव्या फोनचं आमिष दाखवून तयार केलं, तर 'ही गॉट हिम टू सिट'. आणि 'बाबा, मी बसू का गल्ल्यावर?' म्हणून मुलगाच महिनाभर मागे लागला होता, तर 'ही लेट हिम सिट'. बाप तोच, मुलगा तोच, गल्लाही तोच. मराठीच्या 'बसवलं'मध्ये या चारही गोष्टी मावतात. इंग्रजीत तोंड उघडण्याआधी त्यातली एक निवडावी लागते. चुकीची निवडली तर व्याकरण बिनचूक राहतं आणि बाप मात्र उगाच जुलमी ठरतो.

म्हणून मराठी भाषा ढोबळ, असं समजायचं कारण नाही. हे सगळे बारकावे आपल्याकडे आहेत, फक्त ते 'व'मध्ये नाहीत. ते शेजारच्या क्रियापदात आहेत: लावणे, घेणे, देणे. बसायला लावलं, बसवून घेतलं, बसू दिलं. यातल्या फरकासाठी कोणाही मराठी माणसाला व्याकरणाचं पुस्तक उघडावं लागत नाही. तेव्हा इंग्रजीकडे थेट उडी मारू नये. आधी 'वणे'चं वाक्य मराठीतच मोडून या तिघांपैकी एकाच्या मदतीनं पुन्हा म्हणावं. 'लावलं' आलं तर मेक. 'ऊ दिलं' आलं तर लेट. 'घेतलं' आलं तर हॅव किंवा गेट. फळ्यावरच्या समीकरणापेक्षा ही पायरी एकानं जास्त आहे, पण इथून पाय घसरत नाही.

फक्त 'देणे'पाशी थोडं थांबावं लागतं. 'शिवू दिलं' म्हणजे परवानगी. 'शिवायला दिलं' म्हणजे कापड शिंप्याच्या हवाली केलं, परवानगीचा संबंध नाही. या दुसऱ्या 'दिलं'साठी लेट वापरलं की शिंपी बिचारा कधीपासून हात जोडून उभा होता आणि आपण कृपा केली असा अर्थ होतो.

आता 'घेतलं'मधला गुंता. हॅव की गेट? सहज करून घेतलं की खटपट करून, एवढा प्रश्न स्वतःला विचारला की बहुतेक वेळा निकाल लागतो. ज्याचं कामच ते आहे त्याला सांगितलं, त्यानं केलं, तिथे हॅव. मनधरणी, पाठपुरावा, चार फोन, ओळख काढणं, यातलं काही करावं लागलं तर गेट. 'आय हॅड द इलेक्ट्रिशियन चेक द वायरिंग' हे वाक्य शांत आहे. 'आय फायनली गॉट द इलेक्ट्रिशियन टू कम' या वाक्याला घाम सुटलेला आहे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात गोव्यात इलेक्ट्रिशियनसाठी हॅव वापरता येईल असा भाग्यवान विरळा. आणखी एक फरक कानाचा आहे. माणूस पुढे ठेवून हॅव वापरणं, म्हणजे 'हॅव हिम कॉल मी', ही अमेरिकेची जास्त सवय. ब्रिटिश बोलण्यात तिथे 'गेट हिम टू कॉल मी' किंवा नुसतं 'आस्क हिम' येतं. दोन्ही बरोबर. एकाच पत्रात दोन्हींची सरमिसळ नको, इतकंच.

'टू'चा घोळ सगळ्यांत जुना. मेक, हॅव, लेट यांच्यानंतर टू नाही, गेटनंतर हवाच, हेल्पला दोन्ही चालतं. नियम एका ओळीत मावतो, तरी 'ही मेड मी टू वेट' जात नाही. ते का जात नाही, ते बघण्यासारखं आहे. आपण मनात म्हणतो, 'त्यानं मला थांबायला लावलं.' ते 'थांबायला'चं शेपूट, 'आयला', लहानपणापासून आपण टूला बांधून ठेवलेलं आहे. खायला म्हणजे टू ईट, जायला म्हणजे टू गो. म्हणून टू आपसूक येतो. दुसरं कारण परीक्षेच्या पेपरातलं. कर्मणी प्रयोगात हाच टू परत येतो: 'आय वॉज मेड टू वेट.' मुलं हे रूपांतर इतक्या वेळा गिरवतात, की उलट येताना टू सोबत घेऊन येतात. लेट, हॅव, गेट यांचा कर्मणी प्रयोग नीट होतही नाही. 'आय वॉज लेट टू गो' कोणी म्हणत नाही, तिथे 'आय वॉज अलाउड टू गो'. प्रयोजक अर्थाचे हॅव आणि गेट तर कर्मणीत जातच नाहीत. आणि 'ओपन द डोअर'चं 'लेट द डोअर बी ओपन्ड' हे पेपरात गुण मिळवून देणारं वाक्य प्रत्यक्षात दारापाशी उभं राहून कोणीही म्हणत नाही. ते पेपरापुरतंच ठेवावं.

मेक ओळखायची एक सोपी खूण आहे. करणारा निर्जीव असेल तर बहुतेक वेळा मेकच येतं. 'पावसानं आम्हाला रायबंदरच्या धक्क्यावर तासभर थांबवलं' इथे 'द रेन मेड अस वेट' म्हणायचं. 'द रेन हॅड अस वेट' होणार नाही, कारण हॅवमध्ये व्यवस्था करणारा कोणीतरी असतो आणि पाऊस व्यवस्था करत नाही. 'गॉट अस टू वेट'ही नाही, कारण पावसानं कोणाची समजूत काढलेली नसते. खाऱ्या वाऱ्यानं रंगाचे पापुद्रे काढले, उन्हानं दार आकसवलं, सगळीकडे मेक.

हे सगळं माणूस पुढे असताना. व्यवहारात मात्र माणसापेक्षा वस्तूची चौकट जास्त लागते: हॅव किंवा गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. हॅड द स्कूटर रिपेअर्ड, गॉट द शर्ट स्टिच्ड. इथे सगळा अर्थ शब्दांच्या जागेवर तोललेला आहे. 'आय हॅड रिपेअर्ड माय स्कूटर' म्हणजे मी आधीच दुरुस्त केली होती, हाताला ग्रीस माझ्या. 'आय हॅड माय स्कूटर रिपेअर्ड' म्हणजे ग्रीस मेकॅनिकच्या हाताला. 'रिपेअर्ड' एक घर पुढे सरकलं आणि काम करणारा बदलला. कट, पुट, सेट यांसारख्या क्रियापदांची तिन्ही रूपं सारखीच. तिथे तर जागेशिवाय दुसरा पुरावाच नाही: 'आय हॅड कट माय हेअर', 'आय हॅड माय हेअर कट'. मराठीत शब्द इकडचे तिकडे केले तरी विभक्ती सांभाळून घेते, म्हणून जागेकडे लक्ष द्यायची सवय आपल्याला नसते.

तिसऱ्या रूपाची चूक कानातून येते. बोलताना स्टिच्डचा शेवटचा ट, रिपेअर्डचा शेवटचा ड गिळला जातो, आणि जे ऐकू येत नाही ते लिहायचंही राहतं. 'आय गॉट माय शर्ट स्टिच' ही चूक ज्याला नियम पाठ आहे त्याच्याही हातून होते. लिहून झाल्यावर वस्तूच्या पुढच्या शब्दावर बोट ठेवून तपासणं, याला दुसरा उपाय नाही.

या चौकटीतला हॅव पूर्ण वजनाचं क्रियापद आहे, मदतनीस नाही, हे विसरलं की प्रश्न आणि नकार बिघडतात. 'व्हेअर हॅड यू इट स्टिच्ड?' नव्हे, 'व्हेअर डिड यू हॅव इट स्टिच्ड?' 'आय हॅडन्ट इट पेंटेड' नव्हे, 'आय डिडन्ट हॅव इट पेंटेड'. याच कारणानं त्याचा संक्षेप होत नाही. 'आय हॅड'चं 'आय्ड' फक्त मदतनीस हॅडचं होतं.

मे महिना आला की गोव्यात जुन्या घरांची कौलं परतून घ्यायची घाई सुरू होते. त्या घाईत या हॅवचे सगळे काळ सापडतात. मिस्त्री छपरावर असताना 'वी आर हॅविंग द टाइल्स रीलेड'. मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत काम संपलं असेल तर 'वी हॅव हॅड द टाइल्स रीलेड'. हे हॅव हॅड बघून माणूस बिचकतो. एक हॅव चुकून दोनदा पडला की काय असं वाटतं. मराठी शेजारी ठेवली की भीती जाते: 'कौलं परतून घेतली आहेत.' 'घेतली' म्हणजे हॅड, 'आहेत' म्हणजे हॅव. शब्दाला शब्द, फक्त क्रम उलटा.

आणि 'कडून'. हा एक शब्द गोव्यातल्या इंग्रजीत जितकी मौज करतो तितकी क्वचितच दुसरा कुठला करत असेल. पाडेल्याकडून नारळ पाडून घेतले. कडून म्हणजे फ्रॉम. म्हणून 'आय गॉट द कोकोनट्स प्लक्ड फ्रॉम द पाडेली'. आता हे नारळ पाडेल्याच्या अंगाखांद्यावर लगडले होते. इथे बाय हवं: 'प्लक्ड बाय द पाडेली'. माणूस आधी घेतला तर बायसुद्धा नको, 'हॅड द पाडेली प्लक द कोकोनट्स'. आणि खरं सांगायचं तर वस्तूच्या चौकटीत करणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नकोच असतं. ती चौकट आहेच त्याला वगळण्यासाठी.

या वगळण्याचा आपल्या भाषेतला दाखला फार जुना आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या सुमारे ५७ फुटी मूर्तीच्या पायाशी कोरलेली ओळ शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते: 'श्रीचावुंडराजें करवियलें'. मराठीतला सर्वांत जुना लेख कोणता यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण पिढ्यान्‌पिढ्या आद्य वाक्य म्हणून शिकवलं गेलं ते हेच. त्याचं क्रियापद बघा. केलें नाही, करवियलें. प्रयोजक. तिथेच कन्नडमध्ये तेच म्हटलं आहे आणि तिथेही क्रियापद प्रयोजकच आहे. इंग्रजीत 'चावुंडराज हॅड इट मेड'. छिन्नी कोणी चालवली ते ओळीत नाही. खाली दुसरी ओळ, 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें', भोवतालचा परिसर बांधून घेणाऱ्या गंगराजाची. गवंड्याचं नाव तिथेही नाही. याहून मागे गेलं तर गिरनारच्या पहिल्या शिलालेखात अशोकाची धम्मलिपी 'लेखापिता' आहे, म्हणजे लिहवून घेतलेली. त्या 'लेखापिता'तला 'प' प्राकृतात 'व' झाला आणि आपल्या 'करवणे'त येऊन बसला. राजानं लिहिलं असं खुद्द राजाही म्हणत नव्हता.

मग आजचा घरमालक 'मी नारळ पाडले' म्हणतो ते निव्वळ ढिलाईनं? पाणिनी त्याच्या बाजूनं उभा राहील. 'तत्प्रयोजको हेतुश्च' या सूत्रात करणाऱ्याला प्रवृत्त करणारा तो हेतू, 'च', म्हणजे तो कर्तासुद्धा. आपल्या व्याकरणातली प्रयोजक ही संज्ञा इथलीच. एका 'च'नं बल्कांवात बसलेल्या माणसाला कर्तेपण दिलेलं आहे. इंग्रजी ते देत नाही असं नाही, पण आधी हॅवची पावती फाडायला लावते.

मेकची ओळख झाली की नवा आजार जडतो: दिसेल त्या 'वणे'ला मेक लावणं. 'मेक द बेबी स्लीप', 'मेक मी रिमेंबर', 'मेक हिम सी द हाउस'. कळतं, पण बोचतं. कारण रोजच्या कामांसाठी इंग्रजीनं स्वतंत्र शब्द ठेवलेले आहेत. दाखवणे शो, शिकवणे टीच, भरवणे फीड, आठवण करून देणे रिमाइंड, बाळाला झोपवणे 'पुट टू स्लीप', मागवणे ऑर्डर किंवा 'सेंड फॉर', पंप बसवणे इन्स्टॉल. समजावणे म्हणजे एक्स्प्लेन. 'ही मेड मी अंडरस्टँड' म्हटलं तर त्यात थोडी धमकी शिरते. सगळ्यांत फसवं 'चालवणे'. गाडी चालवली तर ड्राइव्ह, सायकल चालवली तर राइड, हॉटेल चालवलं तर रन, आणि कुत्र्याला चालवून आणलं तर नुसतं वॉक: 'आय वॉक्ड द डॉग'. या शेवटच्या जातीत इंग्रजी काही जोडतही नाही. पाणी बॉइल होतं, आपणही पाणी बॉइल करतो. बर्फ मेल्ट होतो, आपणही मेल्ट करतो. आपलं उकळणंही असं दुहेरी चालतं, पण बर्फाला मात्र वितळणे-वितळवणे असा 'व' लागतो.

इंग्रजीला एकेकाळी असा प्रत्यय होता आणि तो आपला लांबचा भाऊ होता. संस्कृतात सीदति म्हणजे बसतो, सादयति म्हणजे बसवतो. त्यातल्या 'अय'चंच भावंड जुन्या जर्मेनिक भाषांत होतं. ते झिजून गेलं, जाताना स्वर बदलून गेलं, आणि सिटपासून सेट उरलं. राइजपासून रेझ, लायपासून ले, फॉलपासून फेल. 'फेल अ ट्री' म्हणजे झाड पाडणं. पड-पाड आणि फॉल-फेल समोरासमोर ठेवून बघा. ड्रिंकपासून ड्रेंच झालं, म्हणजे मुळात पाजणं. गुरांच्या घशात औषध ओतायला पशुवैद्य अजूनही हाच शब्द वापरतात. यातली लाय-लेची जोडी मात्र मुळावर येते, कारण लायचा भूतकाळही ले असाच होतो. कोंबडी अंडं घालते तिथे कर्म आहे, म्हणून ले: 'द हेन लेड ॲन एग'. कागद टेबलावर नुसते पडले आहेत, कर्म नाही, म्हणून 'द पेपर्स आर लाइंग'. लेइंग लिहिलं तर कागद अंडी घालतात.

सांगणे म्हणजे प्रयोजक नव्हे, हेही इथेच नोंदवलेलं बरं. 'आय टोल्ड द प्लंबर टू फिक्स इट' यात नळ दुरुस्त झाला की नाही ते कळत नाही. 'बट ही डिडन्ट' असं पुढे जोडता येतं. 'आय गॉट द प्लंबर टू फिक्स इट'च्या पुढे ते जोडता येत नाही, नळ दुरुस्त झालेलाच असतो. मराठीतही हेच. 'करायला सांगितलं, पण केलं नाही' चालतं. 'करून घेतलं, पण केलं नाही' चालत नाही. कचेरीच्या पत्रात हा फरक महागात पडतो. काम झाल्याचं कळवायचं असताना टोल्ड लिहिलं, की पुढची तीन पत्रं खुलाशाची.

गोव्यात इंग्रजीची खरी परीक्षा हॉटेलच्या काउंटरवर होते. पाहुणा म्हणतो, एसी बंद आहे. 'आय विल मेक द बॉय रिपेअर इट' हे उत्तर ऐकून पाहुण्याला एसीपेक्षा त्या पोराची काळजी वाटते. 'आय विल टेल हिम' म्हणजे सांगून बघतो, पुढचं नशीब. 'आय विल हॅव समवन लुक ॲट इट' किंवा 'आय विल गेट इट लुक्ड ॲट' यात जबाबदारी घेतलेली आहे आणि कोणाचा हातही पिरगळलेला नाही. सामानासाठी 'आय विल हॅव युअर बॅग्ज सेंट अप'. आणि व्हरांड्यात सिगरेटींचा खच पडू लागला तर मालकासाठीही हॅव आहे: 'आय वोन्ट हॅव पीपल स्मोकिंग हिअर.' इथे हॅवचा अर्थ खपवून घेणं. खपवणे आणि घेणे, आपल्याकडेही तीच जोडगोळी निघावी हा योगायोग असला तरी लक्षात ठेवायला सोयीचा.

एका जागी मात्र ही चौकट दगा देते. 'ही हॅड हिज वॉलेट स्टोलन इन द मार्केट.' साचा तोच, हॅव, वस्तू, तिसरं रूप. पण त्यानं पाकीट चोरून घेतलं नाही, त्याचं पाकीट मारलं गेलं. वादळात 'वी हॅड अवर रूफ ब्लोन ऑफ' म्हणणाऱ्यानं छप्पर उडवायला माणूस लावलेला नसतो. करवून घेणं आणि सोसणं या दोन्हींना इंग्रजीनं एकच चौकट दिली आहे. कुठलं ते प्रसंगावरून ओळखायचं. इतका वेळ आपल्याला चढलं कोण म्हणून हटकणारी भाषा इथे स्वतःच हात वर करते, याचं थोडं समाधान मानायला हरकत नाही.

गेटची अशीच एक पळवाट आहे. 'गेट युअर होमवर्क डन' यात गृहपाठ मुलानंच करायचा आहे, दुसऱ्याकडून करून घ्यायचा नाही. इथे गेट म्हणजे उरकणं. 'हॅव युअर होमवर्क डन' म्हटलं तर मुलं उलटा अर्थ काढून मोठ्या बहिणीकडे वही देतील, आणि व्याकरण त्यांच्या बाजूनं असेल.

राहता राहिली साखळी. 'आईनं बाबांना सांगून पायलटकडून औषध मागवून घेतलं.' वाक्यात तीन माणसं, औषध एक. इंग्रजीत प्रत्येक कडी वेगळी ओवायची. बाबा घरचे, सांगितलं की ऐकणारे, त्यांना हॅव. पायलट भाड्याच्या रांगेत उभा, त्याला चार शब्द बोलून वळवायला हवं, त्याला गेट आणि टू. 'मदर हॅड फादर गेट द पायलट टू ब्रिंग द मेडिसिन.' हॅवनंतर गेट बिनटूचं, गेटनंतर ब्रिंग टूसकट, आणि हा क्रम हलला की वाक्य कोसळतं. बाहेरगावच्या माणसाला हे वाक्य ऐकवण्याआधी मात्र गोव्यात पायलट म्हणजे मोटारसायकलवरून भाडं नेणारा, हे सांगून ठेवावं. नाहीतर एका औषधाच्या बाटलीसाठी विमान कोणी उतरवून घेतलं, हा प्रश्न तो आधी विचारेल.